खड्डा भरेल म्हणून

गावात तिला तोंडावर गवंडीणबाई म्हणत आणि पाठीमागे ओळंबा. भिंत सरळ उभी आहे की कलली आहे हे बघायला गवंडी दोरीला बांधून जे वजन खाली सोडतात, तो ओळंबा. तो तिच्या कमरेला कायम लटकलेला असायचा, म्हणून हे नाव पडलं असं लोक सांगत. खोटं आहे. नाव पडलं ते तिच्या जिभेमुळे. कुणाच्याही घरात शिरली की तिथलं काय वाकडं आहे ते बसायच्या आधी सांगायची, भिंतीचंही आणि माणसांचंही. राग नाकाच्या शेंड्यावर, आणि नाकही चांगलं लांब होतं.

रागवायला तिला कारणं कमी नव्हती. नवरा गवंडी होता आणि ती त्याच्या हाताखाली घमेली वाहायची. तो परांचीवरून पडला, कमरेतून मोडला आणि बरीच वर्षं अंथरुणावर काढून गेला. चूल पेटती ठेवायची तर कुणीतरी थापी हातात घ्यायला हवी होती. तिनं घेतली. नवऱ्याचीच थापी, लाकडी मूठ त्याच्या हाताच्या घामानं काळी झालेली. पण घर बांधायला तिला कुणी बोलावेना. बाईनं चढवलेली भिंत उद्या डोक्यावर आली तर? पुढे घरोघरी संडास बांधायची सरकारी योजना निघाली आणि पुरुष गवंड्यांनी नाकं मुरडली. असली कामं कोण करणार! तेव्हा मात्र साऱ्या गावाला अचानक आठवलं की बाईच्या हाताला सफाई फार.

तिनं ते काम घेतलं आणि जीव ओतून केलं. प्रत्येक संडासामागे दोन खड्डे. आतून विटांची जाळी, वर जड फरशीचं झाकण. मैला आधी एकाच खड्ड्यात जाणार. पाणी विटांच्या फटींतून जमिनीत मुरणार, त्यामुळे तो भरायला वर्षंच्या वर्षं लागतात. भरला की नळाचं तोंड दुसऱ्या खड्ड्याकडे वळवायचं. दुसरा भरत येईपर्यंत पहिल्यातल्या मैल्याची माती होऊन जाते, तिला ना वास, ना काही. हे ती प्रत्येक घरी समजावून सांगायची. लोक नंदीबैलासारख्या माना डोलवायचे आणि तिची पाठ वळली की संडासाला कुलूप घालायचे.

का? तर खड्डा भरेल म्हणून.

बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर तो म्हणेल, थट्टा करता काय? थट्टा नाही. भरला तर उपसणार कोण, हा त्या लोकांचा खरा प्रश्न होता. पूर्वी हे काम गावानं एका वस्तीच्या गळ्यात पिढ्यान्‌पिढ्या मारलं होतं. त्या वस्तीनं एक दिवस फावडी टाकली आणि सांगितलं, आता तुमचं तुम्ही बघा. फार बरं केलं. पण गावाचे हात काही पुढे झाले नाहीत. आपल्याच पोटातून निघालेल्या गोष्टीची सावलीही अंगावर पडायला नको, म्हणून गावानं खड्डा वाचवायचं ठरवलं. जसं काही ते धान्याचं पेव होतं! पुरुष शेतात जात, पोरं नाल्याकाठी जात. बायका उजाडायच्या आत आणि अंधार पडल्यावर, आणि मधला सगळा दिवस दाबून धरायचा. संडास ठेवायचा पाहुण्यांसाठी, तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी, अगदीच उठवत नसलेल्या म्हाताऱ्यांसाठी. पावसात नाल्याचं पाणी विहिरीपर्यंत यायचं आणि पोरांना हगवण लागायची, की मग लोक हवेला दोष द्यायचे.

गवंडीण घसा फुटेपर्यंत भांडायची. एका घरी तिनं बांधलेल्या संडासात कोंबड्या कोंडलेल्या दिसल्या. घरमालक ओशाळला. "असू द्या," ती म्हणाली, "घरात कुणीतरी वापरतंय हे काय कमी आहे?"

तिला एकुलती एक लेक होती. तिचं लग्न शेजारच्या गावातल्या गिरणीवाल्याच्या मुलाशी ठरलं. मुलगा टेम्पो चालवायचा, कामाला वाघ आणि बोलायला मुका. गिरणीवाल्याचं मात्र उलट. सारा जन्म पिठाच्या गिरणीच्या घरघरीत गेल्यामुळे तो घरातही ओरडूनच बोलायचा आणि बोलायचाही फार. त्याच्याकडे तेव्हा संडास नव्हता. "विहीणबाई," तो म्हणाला, "तुमच्यासारखी कारागीर नात्यात आल्यावर मी दुसऱ्या कुणाला कशाला बोलावू?" तिला बरं वाटलं. रागीट माणसाशी कुणी गोड बोललं की ते लवकर फसतं, कारण बिचाऱ्याला सवय नसते.

तो संडास तिनं बांधला तसा पुन्हा कुठलाच बांधला नाही. दार रस्त्याकडे न ठेवता अंगणाकडे ठेवलं, म्हणजे लेकीवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नजर नको. वर लहानशी खिडकी. आत साबणासाठी कोनाडा, बाहेर हात धुवायला नळ. आणि भांड्याच्या बाजूच्या भिंतीत उठताना धरायला एक जाड लोखंडी कडी बसवली. गिरणीवाल्यानं विचारलं, ही कशाला? ती नुसती हसली. लेकीला उद्या दिवस जातील, पोट पुढे येईल, उठताना हाताला काहीतरी हवं, हे लग्नाआधी व्याह्याला काय सांगायचं?

त्याच कामावर नवऱ्याची थापी हरवली. शेवटचं झाकण बसवून ती हात धुवायला गेली आणि आली तर थापी कुठेच नाही. साऱ्या अंगणात शोधली, वाळूचा ढीग उपसला, हाताखालच्या बाईला नाही नाही ते बोलली. ती बाई रडत रडत काम सोडून गेली. थापी काही सापडली नाही. नवी थापी आली, पण तिची मूठ हाताला कधी आपली वाटली नाही.

लग्न झालं. तपासणीचे साहेब आले, त्यांनी गिरणीवाल्याच्या संडासात वाकून पाहिलं, आणि त्याच्या दारावर "स्वच्छ घर" अशी निळी पाटी ठोकून गेले. त्या गावातली पहिली पाटी. गवंडीणीनं चारचौघांत ती गोष्ट इतक्यांदा सांगितली की लोक तिला लांबून बघून वाट बदलायला लागले. गाव खड्डे वाचवतंय तर वाचवू दे, माझी लेक तरी सुटली, असं तिला वाटायचं.

लेक माहेरी आली की गवंडीण आधी तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवायची. लेक घोटभर घ्यायची आणि पेला बाजूला सारायची. एकदा, दोनदा, दर खेपेला तेच. पुढे पोट दिसायला लागलं, चेहरा मात्र सुकत चालला होता.

"पाणी पी की. एवढ्या उन्हातून आलीस."

"तहान नाही गं."

"तहान नाही म्हणजे काय? तू काय निवडुंग आहेस?"

लेक हसली. पेला तसाच राहिला. गवंडीणीनं तो उचलून मोरीत ओतला आणि आजकालच्या पोरींच्या आवडीनिवडींबद्दल बरंच बोलली. भिंतीतला केसाएवढा तिरकेपणा हेरणारी ही बाई, पण स्वतःच्या लेकीपुढचा भरलेला पेला तिला दिसला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

मग एका सकाळी जावयाचा टेम्पो दारात येऊन उभा राहिला. लेक आरोग्य केंद्रात होती. रात्री हुडहुडी भरून ताप चढला, पाठीत कळा, लघवीला आग.

केंद्रातल्या नर्सबाई गवंडीणीपेक्षाही फटकळ निघाल्या. लेकीच्या हाताला सुई लावून ठेवली होती, बाटलीतून थेंब थेंब औषध चाललं होतं. नर्सबाईंनी तिला बाजूला घेतलं.

"ही पाणी पीत नाही, आणि लघवी तासन्‌तास दाबून ठेवते. आजची गोष्ट नाही ही, कित्येक महिन्यांची आहे. जंतू पार मूत्रपिंडापर्यंत गेलेत. असला ताप पोटातल्या बाळाला झेपत नाही. ताप उतरला तर ठीक. नाही उतरला तर बाळाचं मी काही सांगू शकत नाही. घरी संडास नाही का तुमच्या?"

"आहे," गवंडीण म्हणाली. "मीच बांधलाय."

खाटेवर पडलेल्या लेकीनं तोंड भिंतीकडे वळवलं.

लेकीचे कपडे आणायचे म्हणून गवंडीण जावयाबरोबर टेम्पोतून त्या घरी गेली. रस्ताभर तिचं डोकं चालेना. संडास आहे, पाणी आहे, दार अंगणात आहे, मग ही पोर दाबून का धरते? अंगणात पाऊल टाकलं आणि तिला कुलूप दिसलं. चांगलं मोठं, पितळेचं, तेल दिलेलं.

लेकीची सासू ओसरीवर बसली होती. "किल्ली द्या," गवंडीण म्हणाली.

"किल्ली गिरणीत असते. खिळ्यावर."

"संडासाची किल्ली गिरणीत?"

"हे म्हणतात, घरात ठेवली तर कुणीही उठून जाईल."

कुणीही म्हणजे कोण? घरातलीच माणसं ना! गवंडीणीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "मग तुम्ही कुठे जाता?"

सासूनं खाली बघितलं. "मला सवय झालीय हो. मी उन्हं उतरेपर्यंत पाणीच पीत नाही. सूनबाईलाही तेच शिकवलं."

शिकवलं! काय विद्या ती! पण त्या बाईचा आवाज इतका साधा होता की तिच्यावर ओरडायलाही गवंडीणीला जागा सापडेना. ती तशीच रस्ता ओलांडून गिरणीत गेली.

गिरणीत दळणाचे डबे रांगेत लागले होते. बाकावर माणसं बसली होती, दारात दोनचार उभी होती. पट्टा फिरत होता, सगळीकडे पीठ उडत होतं, आणि पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया उंचावून गिरणीवाला पाहत होता.

"किल्ली द्या!" ती म्हणाली.

"काय?" त्यानं कानामागे हात नेला.

"किल्ली!"

"कसली?"

"संडासाची!" तिला ओरडावंच लागलं. बाकावरची सगळी डोकी वळली.

"अरे वा!" गिरणीवाला गिरणीच्या वर आवाज चढवून म्हणाला, "विहीणबाईंना घाई झालेली दिसते!"

कुणीतरी फिसकन हसलं. या बाईला लोकांची भीती कधीच नव्हती. तरी तिचे कान तापले, मान खाली गेली. आणि मान खाली घातलेली असतानाच तिला कळलं. आपली लेक इथे उभी राहिली होती. नवी सून, एवढ्या पुरुषांत, एवढ्या मोठ्यांदा. एकदा उभी राहिली असेल, फार तर दोनदा. मग तिनं पाणी सोडलं.

गवंडीण पुढे झाली आणि भिंतीवरचा खटका खाली ओढला. पट्टा घसरत घसरत थांबला. गिरणी गप्प झाली तशी माणसंही गप्प झाली.

"आता ऐकू येतंय?" ती म्हणाली. "कुलूप का घातलंत?"

"अहो, खड्डा भरला तर?" तो ओरडलाच. गिरणी बंद आहे हे त्याच्या घशाला अजून कळलं नव्हतं. "रोज घरातली सगळी जायला लागली तर किती दिवस पुरणार तो? पाहुणे असतात, साहेब येतात. पाटी लागलीय दारावर! घाण दिसली तर काढून नेतील."

"सून तापानं फणफणतेय. बाळ राहतंय की जातंय ते माहीत नाही."

"ते देवाच्या हातात," तो म्हणाला, जरा खाली आवाजात.

"देवाच्या हातात नाही. तुमच्या खिळ्यावर आहे."

तिनं स्वतः हात लांबवून किल्ली काढली. कुलूप उघडलं. आत सगळं लखलखीत होतं, ती बांधून गेली होती तसं. कोनाड्यात साबण होता, कागदात गुंडाळलेला. भांड्याला कारखान्याची चिकटपट्टी अजून लागलेली. भिंतीतल्या लोखंडी कडीवर तिच्याच हातून उडालेला सिमेंटचा शिंतोडा होता. कुणाचा हात फिरला असता तर तो केव्हाच झिजून गेला असता. तिनं त्या कडीला धरलं आणि थोडा वेळ रडली. रडून झाल्यावर दाराला आतून कडी लावली, संडास रीतसर वापरला, बादलीभर पाणी ओतलं, साबणाचा कागद फाडला आणि बाहेरच्या नळावर खळखळून हात धुतले. अंगणाच्या तोंडाशी माणसं जमली होती.

"झालं उद्घाटन," ती त्यांना म्हणाली आणि किल्ली कमरेला खोचून निघाली.

संध्याकाळपर्यंत ताप थोडा उतरला. नर्सबाईंनी लेकीच्या पोटाला यंत्र लावून ऐकलं आणि बाळाचे ठोके आहेत म्हणाल्या. "पण अजून धोका टळलेला नाही. आणि पुन्हा असं झालं तर माझ्याकडे आणू नका, मी रागानं काहीतरी बोलून बसेन." गवंडीणीला ही बाई फार आवडली.

मग ती लेकीच्या उशाशी बसली. जावई दारात उभा होता.

"मला का नाही सांगितलंस? एका शब्दानं? मी येऊन ते कुलूप दातानं तोडलं असतं."

लेक म्हणाली, "म्हणूनच नाही सांगितलं. सुरुवातीला मी किल्ली मागायला गेले होते. तेव्हा सगळ्यांसमोर सासरे म्हणाले, जा की, खुशाल जा. भरला की तुझ्या आईलाच बोलावू उपसायला. बांधायला आली तशी उपसायला येईल, कामच आहे तिचं ते. सगळे हसले. मी ठरवलं, माझ्यामुळे तो खड्डा भरायचा नाही. तुला त्या लोकांनी त्यांची घाण काढायला बोलवायचं आणि मी दारात उभं राहून बघायचं, त्यापेक्षा पाणी नाही प्यायलं तर काय होतंय?"

गवंडीण एरवी अर्ध्या शब्दावरून दिवसभर भांडली असती. त्या वेळी मात्र तिनं लेकीचा सुई टोचलेला हात आपल्या हातात घेतला. स्वतःचा हात सिमेंटनं फाटलेला होता, तिला टोचेल म्हणून हलकाच धरला.

"मला हे माहीत नव्हतं," दारातून जावई म्हणाला.

"कसं असणार?" ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "तुम्ही शेतात जाता ना, जावईबापू. तिथे कुणाला किल्ली मागावी लागत नाही."

तो खाली मान घालून उभा राहिला. त्यानं विचारलं, "मी काय करू?"

"उद्या सकाळी टेम्पो घेऊन माझ्या दारात या. पहार लागेल, ती मी आणते."

सकाळी जावई आला तेव्हा तिनं स्वतःच्या घरामागचा जुना खड्डा उघडला होता. तो भरून बंद केल्यालाही आता दोनतीन वर्षं होऊन गेली होती. ती आत उतरून फावड्यानं गोणी भरत होती. काळीभोर, भुसभुशीत माती. शेजारीपाजारी नाकाला फडकी लावून आले आणि वास येईना म्हणून हळूहळू फडकी खाली घेऊन बघत राहिले. गोणी टेम्पोत चढली, पहार चढली, आणि ती जावयाशेजारी बसली.

गिरणीसमोर सकाळची गर्दी होती. गवंडीणीनं रस्त्यातच गोणी उपडी केली. माणसं मागे सरकली.

"घाबरू नका, मातीच आहे," ती म्हणाली. "माझ्या घरातला खड्डा उपसून आणलाय, माझ्या हातानं. हात झडले नाहीत. व्याहीबुवा! माझ्या लेकीला म्हणाला होतात ना, तुझ्या आईला बोलावू म्हणून? न बोलावता आलेय. चला, तुमचा खड्डा उपसायचाय."

"विहीणबाई, हे काय चालवलंय? लोक बघतायत!"

"लोकांनी बघावं म्हणूनच तर बोललात ना तुम्ही तेव्हा. मग आता का लाजता?"

ती अंगणातून मागे गेली. गिरणीतली माणसं मागोमाग गेली, गल्लीतल्या बायका कुंपणापाशी आल्या. तिनं पहारीचं टोक झाकणाच्या फटीत घातलं. झाकण जड होतं, तिनंच जड केलं होतं. गिरणीवाला मुलाकडे बघून म्हणाला, "अरे, आवर यांना!" तो मुका मुलगा पुढे झाला आणि त्यानं पहारीवर आपलंही वजन टाकलं. झाकण उचललं गेलं. सगळ्यांनी श्वास रोखून नाकं दाबली.

नाकं उगीचच दाबली. आत काहीच नव्हतं. विटांची जाळी नवीकोरी, कोळ्यांची जाळी त्याहून जुनी, तळाशी सुकी माती आणि थोडी ओल. ती ओलही कालच्या उद्घाटनाची. इतके महिने, घरात इतकी माणसं, दारावर निळी पाटी, आणि खड्डा कोरडा ठणठणीत. बडा घर पोकळ वासा म्हणतात, तो वासा गल्लीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.

आणि तळाजवळच्या दोन विटांमधल्या फटीत खोचलेली थापी. गंजलेली, पण मूठ काळी, तीच. खड्डा वापरात असता तर ती मैल्याखाली केव्हाच गाडली गेली असती. गवंडीणीला क्षणात आठवलं, झाकण बसवायच्या आधी आत उतरून जाळी तपासताना आपणच ती तिथे खोचली होती. जिला चोर ठरवलं, तिच्या दारी आता कुठल्या तोंडानं जायचं, हेही त्याच क्षणी मनात आलं.

ती पाय सोडून खड्ड्यात उतरली. जाळी धरून खाली गेली, थापी ओढून काढली आणि तिथेच उभी राहिली. फक्त डोकं वर दिसत होतं. तिथून तिनं सगळ्यांकडे बघितलं, आणि तिला वर बघावं लागत होतं तरी माणसांनीच माना खाली घातल्या.

"या रिकाम्या खड्ड्यापायी माझ्या लेकीचं बाळ मरायला टेकलंय," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे मागच्यांनाही पुढे सरकावं लागलं. "भरला असता तर मी उपसला असता. हसत उपसला असता. लेकीच्या घरचा आहे. पण तुम्ही तो भरूच दिला नाहीत, आणि माझं नाव घेऊन तिला भीती घातलीत. हसलं कोण होतं त्या दिवशी गिरणीत? जरा पुढे या, मला बघू द्या."

कुणी पुढे आलं नाही. कुंपणापलीकडून एक म्हातारी म्हणाली, "आमचाही उघड गं बाई. आमच्या सुनेचीही किल्ली आमच्या ह्यांच्या खिशात असते." तिचा म्हातारा तिच्याकडे बघतच राहिला. त्या सकाळी गवंडीणीनं आणि जावयानं मिळून त्या गल्लीतली जवळजवळ सगळी झाकणं उघडली. एकदोन सोडले तर सगळे खड्डे कोरडे होते. घरंच्या घरं स्वच्छ, पाट्या निळ्या, आणि बायका तहानलेल्या.

लेक बरी व्हायला वेळ लागला. ताप दोनदा उलटला. पण ती वाचली आणि बाळही पोटात राहिलं. नर्सबाईंनी सोडलं तेव्हा ती सासरी न जाता माहेरी आली. गवंडीण तिच्यापुढे पेला भरून ठेवायची आणि समोर बसून राहायची. लेक सवयीनं घोटभर घ्यायची आणि हात थांबायचा. शरीराला लावलेलं कुलूप पितळेच्या कुलपापेक्षा चिवट असतं. मग ती आईकडे बघायची आणि पुन्हा थोडं प्यायची.

एके दिवशी गिरणीवाला आला. अंगावर धुतलेले कपडे, भुवयांवर पीठ नाही, आवाजही बराच खाली आलेला. जावई मागे उभा होता. गिरणीवाला बसला, इकडचं तिकडचं बोलला, आणि मग खिशातून एक नवी किल्ली काढून त्यानं सुनेपुढे ठेवली.

"झालं गेलं विसरून जा, सूनबाई. ही दुसरी करून आणलीय, खास तुझ्यासाठी. ही तुझ्याकडेच राहील. कुणाला मागायला नको. आता तरी घरी चल."

त्याला वाटलं, आपण फार मोठं मन केलं. चेहऱ्यावर ते दिसत होतं. गवंडीणीच्या जिभेच्या टोकावर शब्द आले, दातांपर्यंत आले, आणि तिनं तोंड उघडलंच. पण लेकीनं हात वर केला. आईला गप्प करायची तिची ही पहिलीच वेळ.

लेकीनं किल्लीला हात लावला नाही. तिनं पुढ्यातला पेला उचलला आणि पाणी प्यायला सुरुवात केली. सासऱ्यासमोर, नवऱ्यासमोर, सावकाश, घोट घोट करत, मध्ये न थांबता. तळाचा थेंबही संपल्यावर तिनं पेला किल्लीशेजारी ठेवला.

"मला किल्ली नको," ती म्हणाली. "कुलूप काढा. कुलूप आणि किल्ली, दोन्ही सासूबाईंच्या हातात द्या, त्या विहिरीत टाकतील नाहीतर भंगारात. त्यांनी दुपारी पाणी प्यायला सुरुवात केली की मला कळवा. मग येईन."

गिरणीवाल्यानं मुलाकडे पाहिलं. मुलगा म्हणाला, "मी कळवीन," आणि बापाच्या आधी उठून टेम्पोकडे गेला.

गिरणीवाला किल्ली उचलून हळूहळू बाहेर पडला. लेक जरा वेळ बसली, मग भिंतीला धरून उठली आणि मागच्या दाराकडे निघाली. भर दुपार होती. संडासाच्या दाराची कडी आतून लागल्याचा आवाज आला. गवंडीणीनं तांब्या उचलला आणि पेला पुन्हा काठोकाठ भरून ठेवला.